माहेरी पाठवलेले एकवीस कोष

आई पिवळी, बाप पिवळा, तर लेकरू पांढरं होईल का? सांगा बरं! पण घाई करू नका. मी घाईघाईनं "छे, शक्यच नाही" असं म्हटलं होतं आणि चांगलीच तोंडावर आपटले होते.

मी केतकी खरात, इयत्ता सातवी, मुक्काम बोरसावंगी. साल २०७१. आमचं गाव दुधना नदीच्या काठावर आहे. उन्हाळ्यात इथं पारा सत्तेचाळीसला टेकतो, तरी गावाभोवती नजर जाईल तिथवर हिरवीगार तुती दिसते. तुतीचा पाला आमच्या रेशमाच्या अळ्या खातात. खाऊन खाऊन बोटाएवढ्या झाल्या की त्या तोंडातून धागा काढतात आणि स्वतःभोवती गुंडाळून कोष (अळीनं स्वतःसाठी विणलेलं बंद घर) बनवतात. त्या धाग्याची बारीक जाळी विणून भाजलेल्या माणसांच्या जखमेवर लावतात. जाळीखाली नवी कातडी लवकर धरते. कुठल्या कुठल्या देशांतल्या दवाखान्यांत आमच्या गावाचं नाव लिहिलेली पाकिटं उघडली जातात. आम्ही थोडी मिजास करतो, पण का करू नये?

ही सगळी करामत माझ्या आत्याची. डॉक्टर प्रांजली खरात. गावातल्या म्हाताऱ्या तिला 'किड्यांची डॉक्टरीण' म्हणतात आणि ती खुशाल हसते. एवढ्या उन्हात रेशमाच्या अळ्या तग धरत नाहीत. आत्यानं अठरा वर्षं खपून ऊन सोसणारा एक वाण (एकसारखे गुण असलेलं कूळ) तयार केला. त्याचे कोष दुधासारखे पांढरे आणि धागा लांबलचक. नदीवरून त्याचं नाव ठेवलं 'दुधना'.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे. शेतकऱ्यांना आत्या निव्वळ दुधना देत नसे. दुधनाची मादी आणि गावरान 'हळद्या' वाणाचा नर यांची जोडी लावून त्यांची अंडी ती घरोघर वाटायची. अशा दोन वाणांच्या संततीला संकर म्हणतात. संकराच्या अळ्या अंगानं धडधाकट असतात. हळद्याचे कोष पिवळे, दुधनाचे पांढरे, आणि संकराचे सगळेच्या सगळे पिवळेजर्द. पांढरा एकही नाही. मला वाटायचं, पांढरा रंग पिवळ्यात विरघळून संपून गेला असणार. दुधात हळद घातल्यावर दूध कुठं पांढरं राहतं?

आणि गावाचा एक कडक नियम होता : संकराचं बी धरायचं नाही. म्हणजे संकराच्या कोषांतून पतंग बाहेर येऊ द्यायचे, त्यांची अंडी घ्यायची आणि ती वाढवायची, हे करायचं नाही. पुढची पिढी एकसारखी निघत नाही, आणि तपासणी न केलेल्या अंड्यांतून रोग आला तर साऱ्या गावाच्या अळ्या जाळून टाकाव्या लागतात.

कोष तयार झाले की ते गरम हवेत वाळवतात. आतला किडा मरतो. ही गोष्ट आमच्या बायकांच्या जिवाला लागते. म्हणून श्रावणातल्या पिकाचे पहिले एकवीस कोष त्या सुपात काढून ठेवतात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि म्हणतात, "तुम्ही आमच्यासाठी राबलात, आता जा बायांनो माहेरी." दहा दिवसांनी त्यांतून पांढुरके, गुबगुबीत पतंग निघतात. त्यांना उडता येत नाही. सुपातल्या फडक्यावरच मादी अंडी घालते आणि तीन-चार दिवसांत सगळे मरतात. मग ते सूप शेतात नेऊन तुतीखाली पालथं करायचं. अंडी मुंग्या नेतात. झाली पाठवणी.

त्या वर्षी सूप पालथं करायला मला पाठवलं होतं.

मी तुतीखाली गेले. फडक्यावर मोहरीएवढी अंडी ओळीनं चिकटलेली. मुंग्या वाटच बघत होत्या. काय सांगू, माझा हातच उलटा होईना! माहेरी म्हणून पाठवायचं आणि मुंग्यांच्या तोंडी द्यायचं, ही कुठली रीत? मी सूप पालथं केलं, पण फडकं घडी करून दप्तरात टाकलं.

आमच्या घराला माळा आहे, वर पत्रा. तिथं जुन्या बिस्किटांच्या डब्यांत माझा गुपचूप कारभार सुरू झाला. दहा-बारा दिवसांत अंडी फुटली. मी त्यांतल्या दोनशे अळ्या मोजून ठेवल्या, कारण त्याहून जास्तीला पाला चोरणं जमलं नसतं. बाकीच्या मात्र शेतात नेऊन सोडाव्या लागल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाला चोरणंही सोपं नव्हतं बरं! आमच्या संगोपनघरात (अळ्या वाढवायच्या खोलीत) एक सहा हातांचा यंत्रमानव आहे. यंत्रमानव कसला, यंत्रबाईच. दिवसभर पाला टाकते, अळ्या मोजते आणि बायकांच्या चुका काढते, म्हणून सगळ्याजणी तिला 'जाऊबाई' म्हणतात.

"आज पाला तीनशे ग्रॅम कमी भरला," जाऊबाई रोज संध्याकाळी सांगायची.

"शेळीनं खाल्ला असंल," आई म्हणायची.

"शेळीला दार उघडता येत नाही," जाऊबाई म्हणायची. मी खाली मान घालून गृहपाठ करायची.

भाद्रपदात वादळ आलं. आमच्या बीजघरावर (अंडी गारव्यात जपून ठेवायच्या खोलीवर) वीज पडली. थंडावा देणारं यंत्र जळालं, दाराचं कुलूप आतून जाम झालं आणि छपरावरची सौरपाटी नाल्यात जाऊन पडली. दार पोलादाचं आणि गावाचे रस्ते पाण्याखाली, त्यामुळं ते फोडेपर्यंत चार दिवस गेले. आत भट्टी पेटल्यासारखी धग होती. दुधनाची सारी अंडी सुकून चपटी झाली होती. हळद्या आजूबाजूच्या दहा गावांत मिळतो, घराघरांत तेव्हा त्याच्याच अळ्या होत्या आणि संकराचे कोष तर श्रावणातच वाळवून झाले होते; पण दुधना जगात फक्त त्या एका खोलीत होता.

आत्यानं अंडी चिकटलेले सगळे कागद एकेक करून तपासले. मग म्हणाली, "चूक माझीच आहे. सगळं बी एका कणगीत ठेवलं. आमचं बी आमच्यापाशीच पाहिजे, असा ताठा होता ना मला!" दुसऱ्या दिवसापासून ती संगोपनघरात आलीच नाही. आपल्या वह्या तिनं पेटीत भरल्या. दिवाळीनंतर पुण्याला मैत्रिणीकडं राहायला जायचं म्हणाली. गावातल्या बायका एकमेकींना धीर देत होत्या, पण पुढच्या पिकाला संकराची अंडी कुठून आणायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला आत्याकडं बघवत नव्हतं.

इकडं माळ्यावर पत्रा तापत होता. माझ्या अळ्या रोज थोड्या थोड्या मरत होत्या. दोनशेतल्या ऐंशी उरल्या. आश्विन लागला तेव्हा त्या ऐंशींनी कोष विणले. शाळेतून आले, दप्तर टाकलं, शिडी चढले, डबा उघडला आणि डोळे चोळले.

पिवळे कोष होतेच. पण त्यांच्यामधे पांढरे कोष! एक नाही, दोन नाही, चांगले एकोणीस!

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी तर घाबरूनच गेले. पिवळ्या कोषांतून निघालेल्या पतंगांची पोरं पांढरी कशी? म्हणजे हा रोगच. आणि रोग असेल तर आमच्या, शेजारच्या, सगळ्या गावाच्या अळ्या जाळाव्या लागणार. तेही माझ्यामुळं. डबा पुरून टाकावा असंही एकदा मनात आलं. मग वाटलं, रोग पुरला तरी रोगच. मी डबा पोटाशी धरला आणि थेट आत्याच्या घरी गेले.

"आत्या, मला आधी मार आणि मग ऐक," मी म्हणाले.

"का गं? काय करून आलीस?"

मी घळाघळा रडत सगळं सांगितलं. सूप, फडकं, माळा, शेळीवर घातलेला आळ, सगळं. आत्याच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. "संकराचं बी धरलंस? तू? खरातांच्या घरातली पोर?" ती कडाडली. मग तिनं डबा उघडला. एक पांढरा कोष उचलून तिनं उजेडात धरला.

"किती आहेत?"

"पिवळे एकसष्ट, पांढरे एकोणीस. आत्या, रोग आहे ना गं हा?"

"चल," ती म्हणाली आणि चपला न घालताच निघाली.

महिन्यानंतर आत्या संगोपनघरात पाऊल टाकत होती. बायका कामं सोडून उभ्या राहिल्या. आत्यानं नव्या पात्यानं एक पांढरा कोष कापून त्यातला किडा काढला, त्याचा थेंबभर रस काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला (बारीक गोष्ट मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राला) डोळा लावला. मग एक पिवळा कोष तसाच पाहिला. जाऊबाईनंही पाहिला.

"रोगाचा एकही जंतू नाही," जाऊबाई म्हणाली. "तसेच, पाला कुठे जात होता तेही आता समजले."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू!

"मग हे पांढरे का झाले?" मी विचारलं.

आत्या माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, मूठभर हळदीच्या अक्षता आणि मूठभर कोरे तांदूळ आणा." दोन वाट्या आल्या. दोन्हींत आत्यानं सारख्याच संख्येनं पिवळे आणि पांढरे दाणे मिसळून ठेवले आणि आम्हाला समोर बसवलं.

"प्रत्येक जिवाच्या पेशीत (शरीर ज्यांचं बनलंय त्या इवल्या खोल्यांत) सूचना असतात," आत्या सांगू लागली. "डोळा कसा करायचा, पाय किती, धागा कुठल्या रंगाचा. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. आणि प्रत्येक सूचनेच्या प्रती दोन असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आता तुतीच्या पानात पिवळा रंग असतो, ठाऊक आहे?"

"पान तर हिरवं असतं!"

"हिरव्याखाली पिवळा दडलेला असतो. हळद्याच्या जनुकात सूचना असते : पानातला पिवळा रंग उचल आणि धाग्यापर्यंत पोचव. दुधनात तीच सूचना बिघडलेली असते. रंग पोचतच नाही, म्हणून धागा कोरा. समज, पिवळा दाणा म्हणजे चालू सूचना आणि पांढरा दाणा म्हणजे बंद सूचना. हळद्याकडं काय?"

"दोन पिवळे दाणे."

"दुधनाकडं?"

"दोन पांढरे."

"लेकराला देताना आई दोनांपैकी एकच दाणा देते आणि बापही एकच. मग संकराकडं काय आलं?"

मी एक पिवळा आणि एक पांढरा दाणा तळहातावर घेतला. "पण मग दुधात हळद विरघळावी तसा तो अर्धा पिवळा का नाही होत?"

"नळ किती लागतात घागर भरायला?" माझी आई मधेच बोलली. "दोन असले अन् एक बंद पडला, तरी दुसऱ्यावर भरतीच की!"

आत्या खूष झाली. "वहिनी, अगदी बरोबर! एक चालू सूचना असली तरी रंग पुरेसा पोचतो. जी सूचना अशी एकटी असूनही दिसते ती प्रभावी, आणि जी जोडीदारामागं झाकली जाते ती अप्रभावी. झाकली जाते, संपत नाही. केतकी, तुझ्या दुधात हळद विरघळली नव्हती. पांढरा दाणा पांढराच होता, फक्त दिसत नव्हता."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे माहेरी पाठवलेल्या त्या एकवीस जणांपैकी प्रत्येकाकडं एक पांढरा दाणा होता!"

"आता त्यांचीच आपसांत जोडी लागली. तू आई हो, जाऊबाई बाप होतील. डोळे मिटून एकेक दाणा काढा. ऐंशी वेळा."

"माझे डोळे मिटत नाहीत," जाऊबाई म्हणाली.

"मग फडकं बांधा त्यांच्या तोंडावर!" आत्या म्हणाली. बायकांनी हौसेनं जाऊबाईच्या कॅमेऱ्यावर पदर धरला. आम्ही दाणे काढत गेलो. दाणा पाहून झाला की परत वाटीत. पिवळा-पिवळा, पिवळा-पांढरा, पांढरा-पिवळा आणि मधूनच पांढरा-पांढरा. पांढरा-पांढरा निघाला की बायका ओरडायच्या. ऐंशी जोड्यांत पांढरा-पांढरा बावीस वेळा आला.

"चार तऱ्हा, त्यांतली एक पांढरी. म्हणजे चारात एक," मी म्हणाले. "पण ऐंशीत वीस यायला हवेत. इथं बावीस आले आणि डब्यात तर एकोणीस."

"नाणं दहा वेळा उडवलं तर बरोबर पाचदा छापा पडतो का? अंदाजानं तितकं येतं. जितक्या जास्त वेळा काढशील तितकं चौथ्या हिश्शाच्या जवळ जाईल."

मी टुणकन उठले. "म्हणजे दुधना परत आला! आत्या, दुधना परत आला!"

सगळ्याजणी हसल्या, पण आत्या हसली नाही. "नाही गं बाळ. दुधनाचा रंग परत आला. लांब धाग्याची सूचना वेगळी, ऊन सोसायची वेगळी, आणि त्याही एकेक नाहीत, पुष्कळ आहेत. पिढी बदलताना सगळे दाणे पिसले जातात. पांढरा निघाला म्हणून तो उन्हात टिकेलच असं नाही. आणि ते तपासायला कडक ऊन लागतं. आता दिवाळी तोंडावर आली. किडे उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाहीत."

माझं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा जाऊबाईचा आवाज आला. "केतकीच्या घरचा माळा पत्र्याचा आहे. छपरावरील तापमापकाच्या नोंदी माझ्याकडे आहेत. गेल्या महिन्यात दुपारी तिथे एकोणचाळीस अंश होते."

आत्यानं माझे खांदे धरले. "सुरुवातीला किती अळ्या होत्या म्हणालीस?"

"दोनशे. बाकीच्या उन्हानं मेल्या. मी ओलं पोतं टाकायचे गं, खरंच टाकायचे."

"अगं वेडे, चाळणी लावलीस तू! जे उन्हात टिकणारे नव्हते ते गळून गेले. हे ऐंशी टिकले, म्हणजे ऊन सोसायच्या बऱ्याच सूचना यांच्यापाशी असणार." आत्याचा आवाज चढला होता. "पाती आणा. तराजू आणा. माझी पेटी कुणीतरी घेऊन या!"

तपासणीत एक गेला होता, म्हणून अठरा पांढरे कोष उरले होते. आत्यानं एकेक कोष टोकाला हलकेच कापला, आतला किडा जिवंतच मऊ कापसावर ठेवला, आणि नुसत्या कवचाचं वजन जाऊबाई सांगू लागली. कवच जड तर धागा भरपूर. आत्या ते जुन्या वहीतल्या दुधनाच्या आकड्याशी ताडून बघत होती. पहिला हलका. दुसरा हलका. तिसरा, चौथा, पाचवा हलकेच. सहावा दुधनाइतका भरला! मग पुन्हा हलके. शेवटचा कोष झाला तेव्हा बाजूला पाच किडे होते.

"पाचांत माद्या किती? नर किती?" आईनं हळूच विचारलं. सगळे नर निघाले असते तर खेळ तिथंच संपला असता.

आत्यानं भिंगातून किड्यांच्या शेपटाकडची खूण पाहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग भिंग खाली ठेवलं.

"तीन माद्या, दोन नर."

संगोपनघरात जो गलका झाला तो गावाच्या वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. आईनं मला आधी एक धपाटा घातला, पाला चोरल्याबद्दल, आणि मग घट्ट जवळ घेतलं. "माझी पोर आहे बरं का ही!" ती सगळ्यांना सांगत सुटली, जशी काही तिथं कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

आत्याची पेटी पुण्याला गेली नाही. त्या पाच जणांपासून नवी पिढी निघाली. त्यांना रंगासाठी देण्याजोगे फक्त पांढरेच दाणे होते, त्यामुळं कोष सगळेच पांढरे. पण धागा कुणाचा लांब, कुणाचा आखूड. आत्या आणि मी दर पिढीत निवड करत गेलो, उन्हाळ्यात मुद्दाम माळ्यावर ठेवत गेलो. वर्षभरात पाच पिढ्या झाल्या. अजून काम बाकी आहे. आत्या म्हणते, जुन्या दुधनाची बरोबरी करायला आणखी तीन वर्षं लागतील आणि नंतर त्याच्याही पुढं जायचं, अठ्ठेचाळीस अंशांत टिकणारा वाण करायचा. तोवर मी कॉलेजात जाईन. तिनं आपल्या वहीचं पुढचं पान कोरं सोडलंय आणि वर माझं नाव लिहिलंय.

आणि नव्या वाणाची अंडी आता एका कणगीत नाहीत. तीन गावांच्या तीन बीजघरांत वाटून ठेवली आहेत. ती वाटायला आत्या स्वतः गेली होती.

या श्रावणात पुन्हा एकवीस कोष सुपात काढले. हळदकुंकू लागलं. दहा दिवसांनी फडक्यावर अंडी आली, तेव्हा सूप कुणी न्यायचं असा प्रश्न निघाला. माझ्याकडं बघून बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

आत्या पुढं आली. तिनं सूप उचललं, फडकं काढून नीट घडी केलं आणि त्यावर तारीख लिहिली. "आधी तपासायचं, मग जपायचं. हा आजपासून गावाचा नियम," ती म्हणाली. "आपण एवढी वर्षं यांना माहेरी पाठवत होतो. यांचं माहेर यांच्याच पोटात होतं, हे या पोरीनं दाखवलं."

मग तिनं ते फडकं सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. या वेळी मी ते दप्तरात लपवलं नाही. दोन्ही हातांवर धरून भर दुपारी गावातून बीजघरापर्यंत घेऊन गेले.